घंटेनंतरची उत्तरे

कोकणातील मुर्डी या लहानशा गावातून निघालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित-ट्रायपॉस परीक्षेत एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर, म्हणजे गुणानुक्रमे पहिले, झाले, आणि तेव्हापासून ‘रँग्लर’ हा सातासमुद्रापलीकडचा शब्द मराठी घरांत अपार बुद्धीचे दुसरे नाव म्हणून नांदू लागला. त्या सन्मानाला यत्किंचितही उणेपणा येऊ न देता एक प्रश्न विचारता येतो, आणि खुद्द केंब्रिजमध्येच तो पुढे विचारला गेला : दिवसामागून दिवस चालणाऱ्या त्या परीक्षेत मोजले जात होते ते नेमके काय? उमेदवार वर्षानुवर्षे खाजगी शिक्षकांच्या हाताखाली झपाट्याने गणिते सोडवण्याची व ती तितक्याच झपाट्याने कागदावर उतरवण्याची तालीम घेत. एडवर्ड राउथ नावाच्या अशाच एका शिक्षकाने वीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. हे राउथ स्वतः १८५४ साली पहिले आले होते आणि त्यांच्या मागे दुसरा क्रमांक होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा, ज्यांच्या समीकरणांवर आजची सारी विद्युत्‌विद्या उभी आहे. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसनही १८४५ साली दुसरेच आले. अशा वर्षी पहिल्यांची नावे हुडकावी लागतात आणि दुसऱ्यांची शाळकरी पोरांना पाठ असतात. १९०९ नंतर तर गुणानुक्रमाची ती यादीच बंद करण्यात आली. ती बंद व्हावी म्हणून झटणाऱ्यांत जी. एच. हार्डी अग्रभागी होते, आणि १८९८ च्या यादीत ते स्वतः चौथे होते, ही गोष्ट मला विशेष लोभस वाटते.

इतिहास सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्यांच्या घरात शिष्यवृत्तीची किंवा स्पर्धापरीक्षेची तयारी चालली आहे, ज्यांच्या हाती चाचणीचा निकाल येऊन पडला आहे आणि त्यावरून मुलाच्या बुद्धीविषयी काही कायमचा फैसला करण्याच्या बेतात जे आहेत, अशा पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि खुद्द उमेदवारांसाठी तो लिहिला आहे. माझे सांगणे एवढेच, की घड्याळ लावून घेतलेल्या तर्कचाचणीचा गुणांक हा तर्कशक्तीचा शुद्ध आकडा नसतो. त्यात वेगाचा, वाचनाच्या सवयीचा आणि स्वभावाचा अंश मिसळलेला असतो. आणि तो अंश किती आहे हे घरच्या घरी, दोन पेनांच्या साहाय्याने, बऱ्यापैकी वेगळे काढून पाहता येते.

आरंभी हे समजून घ्यावे, की कालमर्यादा ही तर्कमापनात तात्त्विक कारणाने जितकी आली त्याहून अधिक ती व्यवस्थेच्या सोयीने आली. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये जी पहिली चाचणी तयार केली ती एका मुलाला एका परीक्षकाने समोर बसवून घ्यावयाची होती, आणि तिच्यातील बहुतेक प्रश्नांना घाईचा संबंध नव्हता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे मराठी व कानडी मुलांसाठी त्याच चाचणीचे जे रूपांतर सिद्ध केले तेही याच धर्तीचे. परंतु १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि लक्षावधी रंगरुटांची वर्गवारी तातडीने करावयाची वेळ आली, तेव्हा ‘आर्मी आल्फा’ ही सामुदायिक चाचणी जन्माला आली. तिचे आठ भाग होते, प्रत्येक भागाला काही मिनिटांची मुदत होती, आणि ती मुदत मुद्दामच इतकी तुटपुंजी ठेवलेली होती की बहुतेकांना भाग पुरा करता येऊ नये. एका तुकडीची चाचणी आटोपून दुसरी तुकडी आत घ्यावयाची असेल तर घंटा वाजवावीच लागते. युद्ध संपले, पण तो शिरस्ता कचेऱ्यांत, शाळांत आणि नोकरभरतीत कायम राहिला. उलट जॉन रेव्हन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेली आकृतिबंधांची साठ प्रश्नांची चाचणी उमेदवाराला हवा तेवढा वेळ देऊन घेण्यासाठी रचलेली होती. तिच्यातही पुढे अनेक ठिकाणी सोयीसाठी घड्याळ शिरले.

मापनशास्त्रज्ञांनी हा भेद पुढे नीट मांडला. प्रश्न इतके सोपे की कोणीही चुकू नये, आणि फरक पडावा तो केवळ किती सोडवले यानेच, ही झाली शुद्ध वेगाची चाचणी. वेळ भरपूर, प्रश्न चढत्या कठीणतेचे, आणि फरक पडावा तो कोठे अडले यानेच, ही झाली शुद्ध शक्तीची. टंकलेखनाची परीक्षा पहिल्या टोकाजवळ बसते, आणि तिथे घड्याळ हवेच, कारण तिथे वेग हाच गुण आहे. आपल्या बहुतेक तर्कपरीक्षा मात्र या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत असतात, आणि नेमक्या कोठे, ते उमेदवाराला कोणी सांगत नाही.

आकडे पाहिले म्हणजे अंदाज येतो. राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नास ७२ सेकंद. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील ‘सीसॅट’ या पेपरात ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नास दीड मिनिट, आणि त्यातच लांबलचक उताऱ्यांचे वाचनही आले. बँकांतील अधिकारीपदाच्या प्राथमिक परीक्षेत तर्कविभागाचे ३५ प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे प्रश्नास जेमतेम ३४ सेकंद. व्यवस्थापनशास्त्राच्या ‘कॅट’ परीक्षेत २०२० पूर्वी प्रत्येक विभागास साठ मिनिटे असत, ती महामारीच्या वर्षी चाळीस झाली आणि चाळीसच राहिली. या सर्व परीक्षांना आपण सरसकट ‘बुद्धीच्या परीक्षा’ म्हणतो. पण चौतीस सेकंदांत जी बुद्धी दिसते आणि दीड मिनिटात जी दिसते, त्या दोन्ही एकच आहेत असे धरून चालण्यास काहीच आधार नाही.

आधार नाही असे म्हणताना मी केवळ माझ्या अनुभवावर विसंबत नाही. विल्हेल्म आणि शुल्झे या जर्मन संशोधकांनी २००२ साली दाखवले, की घड्याळ लावून घेतलेल्या तर्कचाचणीचा संबंध मनाच्या निव्वळ वेगाशी जितका घट्ट असतो तितका घड्याळाविना घेतलेल्या चाचणीचा नसतो. पोलंडमधील क्राकूव्हच्या अ‍ॅडम खुदेर्स्की यांनी २०१३ साली असे मांडले, की मुदत फार आवळली असता तर्कचाचणी आणि कार्यस्मृतीची चाचणी, म्हणजे चार गोष्टी एका वेळी मनात धरून ठेवण्याच्या शक्तीची चाचणी, या जवळजवळ एकच होऊन बसतात. मुदत सैल केली की त्या पुन्हा अलग होतात. आणि गोल्डहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१४ मधील निरीक्षण तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे असे आहे : सरावाच्या वाचनात ज्याला अधिक वेळ लागतो त्याचे उत्तर बहुधा चुकते, पण नव्या, न सरावलेल्या समस्येत ज्याने अधिक वेळ घेतला त्याचेच उत्तर बरोबर येण्याचा संभव अधिक असतो. एकच दिरंगाई एका ठिकाणी अज्ञानाची खूण असते आणि दुसऱ्या ठिकाणी विचाराची.

आमच्या शेजारच्या एका मुलाची गोष्ट येथे सांगतो. २, ६, १२, २०, ३० या मालिकेतील पुढची संख्या त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला मी एकदाच विचारली. बहिणीने फरक पाहिले, चार, सहा, आठ, दहा, आणि पंधरा सेकंदांच्या आत ‘४२’ असे सांगून ती आपल्या कामाला निघूनही गेली. हा मुलगा मात्र चार मिनिटे खिडकीबाहेर बघत बसला, इतका वेळ की मला वाटले याने प्रश्न सोडून दिला, आणि मग म्हणाला, “काका, ४२ तर आहेच, पण शंभरावी संख्या १०१०० येईल.” एकास दोनने, दोनास तीनने, तीनास चाराने गुणत गेले की ही मालिका बनते हे त्याने शोधून काढले होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दोघांचा गोल सारखाच काळा झाला असता, आणि त्याचे पुढचे तीन गोल तर कदाचित कोरेच राहिले असते, कारण त्या चार मिनिटांत ते प्रश्न बुडाले असते. फ्रेंच गणिती लोराँ श्वार्ट्झ, ज्यांना १९५० साली फील्ड्स पदक मिळाले, त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की शाळेत आपण फार मंद होतो आणि त्यामुळे आपल्याला बुद्धीच कमी आहे असे पुष्कळ वर्षे वाटत राहिले. अर्थात प्रत्येक मंद मुलगा श्वार्ट्झ नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. नाहीतर हा लेख आळसाची सनद म्हणून वापरला जाईल.

आता उपायाकडे वळू. आदल्या एखाद्या वर्षाची, मुलाने पूर्वी न पाहिलेली प्रश्नपत्रिका घ्यावी, आणि रविवारी सकाळी, पोट भरलेले पण सुस्ती न आलेली अशा वेळी, ती नेमक्या ठरलेल्या मुदतीत निळ्या पेनाने सोडवू द्यावी. मुदत संपताच घंटा करावी, निळे पेन काढून घ्यावे आणि हिरवे हाती द्यावे. आता घड्याळ नाही. जे प्रश्न राहिले ते हिरव्याने सोडवावेत. जे निळ्याने सोडवले त्यांतील ज्यांचा संशय येतो ते पुन्हा तपासावेत, मात्र निळे उत्तर खोडू नये, शेजारी हिरवे लिहावे. मध्ये जेवणखाण, फोन किंवा कोणाशी चर्चा होऊ देऊ नये, कारण मग हिरव्या शाईत दुसऱ्याची बुद्धी उतरते. हे काम किती वाजता संपले ते कोपऱ्यात टिपून ठेवावे.

यानंतरची बेरीज हाच खरा तपशील. जे प्रश्न निळ्यात चुकले किंवा राहिले आणि हिरव्यातही चुकलेच, ते वेळेअभावी बुडालेले नाहीत. तेथे विषय किंवा रीत कळलेली नाही, आणि त्यावर वेगाची शंभर तंत्रे शिकवणाऱ्या वर्गाची फी भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. जे निळ्यात कोरे होते आणि हिरव्यात बरोबर आले, ते मुलाला येत होते, पण तेथवर तो पोहोचला नाही. आणि जे निळ्यात चुकीचे होते व हिरव्यात सुधारले, ते घाईने मारलेले आहेत. हा तिसरा प्रकार पालकांच्या नजरेतून हमखास सुटतो, कारण गुणपत्रकात तो ‘येत नाही’ याच सदराखाली जमा होतो. वस्तुतः या मुलाला वेग वाढवण्याचा तगादा लावला तर त्याचे गुण आणखी घसरतील. त्याने प्रश्न कमी सोडवावेत, इतके साधे त्याचे औषध आहे.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे न पोहोचण्याची, चौकशी मात्र सावकाश करावयास हवी, कारण मंदगतीची कारणे अनेक असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. पहिली शंका वाचनाची घ्यावी. दहा प्रश्न तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि मुलाने ऐकून सोडवावेत; अशाने त्याचा वेळ एकदम निम्म्यावर आला, तर त्याची तर्कशक्ती नव्हे तर डोळ्यांची व अक्षरांची गाठ सैल आहे असे समजावे, आणि तर्काची पुस्तके बाजूस ठेवून रोज अर्धा तास काहीही, अगदी वर्तमानपत्रदेखील, वाचावयास लावावे. मराठी माध्यमातून अर्धइंग्रजीत गेलेल्या मुलांत हे फार आढळते : गोल मेजाभोवती बसलेल्या आठ माणसांचे कोडे ते मराठीत चुटकीसरशी उलगडतात, आणि तेच इंग्रजीत आले की निम्मा वेळ ‘कोणाच्या उजवीकडे कोण’ हे वाक्य लावण्यातच जातो. सीसॅटविरुद्ध २०१४ साली हिंदी व प्रादेशिक भाषांतील उमेदवारांनी जे आंदोलन केले त्यामागे अशाच प्रकारची तक्रार होती, आणि पुढच्या वर्षापासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता ठेवण्यात आला. वाचन ठीक असेल तर आकडेमोड पाहावी. पाढे पाठ नसलेला मुलगा प्रत्येक प्रश्नात थोडा थोडा वेळ सांडत जातो. तीही ठीक असेल तर स्वभाव पाहावा. काही मुले बरोबर आलेले उत्तर तीन वेळा ताडून पाहतात. हे वळण आयुष्यात गुणाचे आणि परीक्षेत तोट्याचे आहे. ते मोडून काढण्यापूर्वी आईबापांनी जरा थांबावे असे माझे नम्र मत आहे.

या पद्धतीत एक सापळा आहे. काही प्रश्नपत्रिकांत कठीण प्रश्न शेवटाकडे असतात. त्यामुळे शेवटचे प्रश्न वेळ संपली म्हणून राहिले की अवघड म्हणून, हे एका प्रश्नपत्रिकेवरून ठरत नाही. म्हणून आठवड्याच्या अंतराने किमान तीन प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात आणि त्यांतील एक शेवटच्या प्रश्नापासून मागे मागे सोडवावयास सांगावी. तिन्हींतून एकच चित्र निघाले तरच त्यावर विश्वास ठेवावा.

शिक्षकांना दोन शब्द. आपण काढलेली चाचणी तर्काची आहे की घाईची, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत एक साधा ठोकताळा रूढ झाला : शेकडा ऐंशी विद्यार्थी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचले पाहिजेत आणि प्रत्येक विद्यार्थी निदान तीन-चतुर्थांश प्रश्नांपर्यंत. वर्गातील उत्तरपत्रिका चाळून हे पाच मिनिटांत तपासता येते, आणि बहुतेक वेळा निकाल शिक्षकाला अप्रिय असतो. बी.एड.ला शिकलेली सम-विषम प्रश्नांची विश्वसनीयता घाईच्या चाचणीस लावू नये. जेथवर मुलगा पोहोचला तेथवर सम आणि विषम अशा दोन्ही अर्धांतील बरोबर उत्तरांची संख्या आपोआप जुळते, आणि गुणक फुगून येतो. ज्या विद्यार्थ्यांना लेखनिकाची मुभा आहे त्यांना तासाला किमान वीस मिनिटांचा जो भरपाईवेळ शासकीय नियमांनी दिलेला आहे, त्याकडे मेहेरबानी म्हणून पाहणारे सहकारी मला भेटले आहेत. हातातील अडचण तर्काच्या खात्यावर मांडली जाऊ नये यासाठी तो दिलेला असतो, आणि तो मागताना विद्यार्थ्याला संकोच वाटू नये इतके तरी आपण करावे.

राहिला तो उमेदवार, ज्याला घड्याळ न्याय्य आहे की अन्याय्य यावर चर्चा करण्यास सवड नाही, कारण पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. त्याने पेपर तीन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत वाचताच वाट दिसली ते प्रश्न, दुसरीत वाट दिसली पण लांबची आहे ते, आणि तिसरीत जे उरले ते. पहिल्या फेरीत एखाद्या प्रश्नाशी कुस्ती खेळण्याचा मोह हाच वेळेचा सर्वांत मोठा चोर. उत्तरपत्रिकेतील गोल शेवटी एकदम रंगवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. अंदाजाचा हिशेब मात्र परीक्षेपूर्वीच करून ठेवावा. जेथे चुकीस गुण कापत नाहीत, जसे शिष्यवृत्ती परीक्षेत, तेथे एकही गोल कोरा ठेवणे हा निव्वळ तोटा. सीसॅटमध्ये चार पर्याय असतात आणि चुकीला एक-तृतीयांश गुण जातात. बारा प्रश्नांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने तीन बरोबर व नऊ चूक येतात, आणि जमाखर्च शून्यावर मिटतो. पण त्याच बारा प्रश्नांत प्रत्येकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर चार बरोबर, आठ चूक, आणि सव्वा प्रश्नाहून थोडी अधिक मिळकत पदरात राहते. बँकेच्या परीक्षेत पर्याय पाच आणि दंड एक-चतुर्थांश. तेथेही आंधळा अंदाज शून्यावरच येतो. म्हणजे अंदाज करावा की नाही हा धैर्याचा प्रश्न नाही, एक पर्याय खोडता येतो की नाही एवढाच आहे.

कोणी विचारील, मग कालमर्यादा काढूनच टाकावी काय? मला तसे वाटत नाही. वेळेचे बंधन अजिबात नसले की चिकाटीने एकेक पर्याय घासून पाहणाराही प्रज्ञावंतासारखा दिसू लागतो, आणि तीन लाख उमेदवारांना तीन दिवस सभागृहात बसवून ठेवणे कोणत्याही परीक्षामंडळाच्या आवाक्यातले नाही. परंतु मंडळाची सोय ही मंडळाची आहे. तुमच्या घरातील टेबलावर ती लागू नाही. तेव्हा येत्या रविवारी कपाटातील एक जुनी प्रश्नपत्रिका काढा, निळे आणि हिरवे अशी दोन पेने शेजारी ठेवा, आणि घंटा झाली म्हणून मुलाच्या हातचा कागद ओढून घेऊ नका.